मोहिनीच्या हातचं मशीन

— बॅटरी हलवू नका म्हणलं ना! वरून धरा, पेटीत अंधार हाय. एवढा एक कथलाचा डाग दिला, ही तार चिकटली की झालं. बसा की, घाई कावून करताव? गेवराईहून नेकनूरपर्यंत आलाव, ट्रॅक्टरवर मोठं साऊंड बसवायचंय म्हणताव — मग अँप्लिफायर कसा बनतोय ते बघून तरी जावा.

हे तेलगावच्या शहादेवकाकाचं मशीन. उसाच्या ट्रॅक्टरवर लावणार. म्हणतेत, गाणं मागच्या ट्रॉलीवरच्याला ऐकू गेलं पायजे. मी म्हणलं, काका, मागची ट्रॉली सोडा, पुढचं गाव उठून बसंल! — ह्या काळ्या टिकल्या बघा, ट्रान्झिस्टर. यायच्या अन् या जर्मलच्या, म्हंजी अॅल्युमिनियमच्या, पट्टीच्या मधी अभ्रकाची चकती लावायची, इवलीशी. तिला चीर गेली की धूर. परवा निघाला. माझ्या वडलायला, आबाला, वाटलं शेजारच्या गाड्यावर भजी करपली — सांगू नका त्यायला.

कोण बनवतं? बाहेर पाटी वाचली ना, 'तात्याबा साऊंड' — तात्याबा म्हंजी आबाच, तेच बनवतेत. असं सांगायचं ठरलंय. डोळे अधू झाल्यापासून त्यायनं एक डाग दिला न्हाई, ते सोडा. पण रविवारी मला बघायला यायलेत ना, म्हणून घरात फर्मान निघालंय — मोहिनी विणकाम करते! टीपॉयवर रुमाल अंथरायचा अन् म्हणायचं, 'हे आमच्या पोरीच्या हातचं.' रुमाल माझ्या बहिणीचा, दीपमालाचा. मी सुई धरली की घरातले लांब सरकतेत.

लाल कावून झालाव, प्रविणराव? मला कळलं न्हाई होय? मशीन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चपला दाराबाहेर काढतंय का कधी? सगळे चिखलासकट आत घुसतेत अन् पहिलं विचारतेत, 'वाजतंय किती?' तुमी चपला जोडीनं लावल्या अन् विचारलं काय, तर 'घरी कोण कोण असतं!' अहो, पोरगी बघायला आल्यागत. तवाच वळखलं, रविवारचा पाव्हणा आजच आलाय. फोटो बघितलाय मी तुमचा. फोटोत कान अजून मोठे दिसतेत. दीपमाला हसून हसून लोळली, मी म्हणलं हसू नकू, मोठ्या कानाचा माणूस बरा, निदान ऐकून तरी घेईल — जाऊ द्या. काय बोलायले मी. बॅटरी सरळ धरा.

आता हा बल्ब. नवं मशीन थेट लाइटीला लावायचं नसतंय, आधी या बल्बातून लाइट द्यायची. भक्कन पेटून तसाच ऱ्हायला तर आत कुठंतरी चुकलंय. पेटून मंद झाला तर जमलं. दाबू? … पेटला… आई गं, उतर की… उतर बाबा… उतरला! बघितलाव? उतरला!

आता घोर रविवारचा. मशीनचा मिटला. तुमचे वडील, विजयसिंहराव, म्हणणार — पोरीनं पेचकस धरायचा? अन् तुमी मान खाली घालून पोहे खाणार. मग मी काय जन्मभर रुमाल विणू? बहिणीच्या रुमालावर मला लगीन करायचं न्हाई. हे काम मी सोडणार न्हाई, नवरा मिळो न मिळो. मिळाला तर… बरं वाटंल. कान जवळून तेवढे मोठे न्हाईत.

मग ऐका. शहादेवकाकाला मशीन सोमवारी देते. रविवारी रुमाल उचलणार अन् टीपॉयवर हे ठेवणार. तुमी एवढंच विचारायचं — 'हे कोणाच्या हातचं?' पुढचं मी बोलते. विचारताव? मान हलवू नका, म्हणून दाखवा. … काय? ऐकू न्हाई आलं. … मोठ्यानं. वडील समोर बसलेत असं समजा. … अजून. … हां! आता कसं, एसटी स्टँडपर्यंत गेलं. रविवारी एवढ्याच आवाजात, कणभर कमी न्हाई. चपला घाला अन् निघा — आबा आले.