कोयीच्या बाहुलीचा डोळा

अगं देते की, बाहुली कुठं पळून चाललीय — तू आधी आत ये, उंबऱ्यावर उभं राहून देणं-घेणं करायचं नाही, आमच्या सासूबाई असत्या तर आत्ता ओरडल्या असत्या दोघींना. चपला राहू देत पायात. बस. त्या खुर्चीवर नको, तिथं खळ सांडलीय, तुझ्याच लेकीचा प्रताप — नाही नाही, पुसू नकोस, मीच ठेवलीय तशी. टॅक्सी साडेचारला ना? मग काय, आत्ता कुठं पावणेचार, आणि विमानतळ आपल्या येलहंक्यापासून हाकेवर. संहिता झोपलीय वर? झोपू दे. पोरं दुपारी झोपली की चेहरा कसा होतो ना, अगदी — बरं ते असू दे. कॉफी टाकते. नको? स्वल्प घे गं, अर्धा पेला, मला एकटीसाठी भांडं चढवायचा कंटाळा येतो, तुझ्या निमित्तानं माझी होते.

काय म्हणत होते? हां, बाहुली. पुण्याच्या आजीला दाखवायचीय म्हणाली? साहजिक आहे. आपल्या आजीला दाखवणारच. मी कोण, खालच्या मजल्यावरची घरमालकीण. तसं नाही गं, लागट बोलत नाही, माझी बोलायची रीतच तशी, चारशे वर्षं या मुलखात राहून आमची मराठी अशी झालीय, अर्धी कन्नडात भिजलेली. पण मी काय म्हणते, तिला हे बाकीचं देते ना सगळं — ही काडेपेट्यांची आगगाडी घेऊन जा, सहा डबे आहेत, चाकांना शर्टाची बटणं लावलीत, पळते पण. ही लग्नपत्रिकांची फुलपाखरं. हा हत्ती, अंड्यांच्या ट्रेचा — बंगलोरात लोक काय काय टाकून देतात बघ, मी वर्षभर गोळा करते, आइस्क्रीमच्या काड्या, झाकणं, शहाळ्याच्या करवंट्या, दोन ट्रंका भरल्यात. तुझी लेक पहिल्या दिवशी ट्रंक उघडून नुसती बघतच राहिली, म्हणाली, "अज्जी, हे सगळं कुणाचं?" म्हटलं, तुझंच. पटकन निघून गेलं तोंडातनं.

सुट्टीतली शिबिरं मी बघते ना हेब्बाळकडची, केवढाली फी, आणि सगळ्या पोरांना एकच तयार डबा हातात देतात, आकडे बघून चिकटवा म्हणून. त्यात काय पोराचं? आमच्याकडं रद्दी, गव्हाची खळ आणि आंब्याची कोय, एवढ्यावर उन्हाळा निघायचा. कोय मात्र नाटी आंब्याची हवी, चोखून खायचा तो, रेषेवाला. रसपुरी आंब्याला तेवढ्या रेषा नाहीत. खाऊन झालं की घासून धुवायची, तीन दिवस उन्हात, मग जुन्या टूथब्रशनं रेषा विंचरायच्या — केस होतात त्यांचे! बरोबर बाईच्या डोक्यासारखे. संहितानं तर वेणी घातली. मी सांगितलं नव्हतं हं. आपणच तीन पेड काढले आणि जीभ बाहेर काढून घालत बसली, सकाळी दहापासून जेवायची वेळ होईपर्यंत. मी नुसती बसले होते समोर. पंखा पण लावला नाही, रेषा उडतील म्हणून.

नाही गं, टाळत नाहीये मी. तुला वाटतंय ना, ही म्हातारी बाहुली द्यायचं टाळतेय? मग आहेच टाळत! सांगते ना. बस खाली.

आमच्याकडं दसऱ्याला गोंबे मांडतात — बाहुल्या गं, पायऱ्या पायऱ्या करून, पहिल्या पायरीवर लाकडाची राजा-राणीची जोडी, ती माझ्या लग्नात माहेरून आलेली. तुम्ही ऑक्टोबरात असाल तेव्हा बघशीलच. आणि दरवर्षी एक तरी नवी बाहुली पायरीवर बसायला हवी. हा सगळ्यांचाच नियम आहे, सगळे बाजारातनं आणतात. आमच्या घरात नाही आणायची. अंबुबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी घालून दिलेलं — त्यांच्या वेळी घरात एवढी माणसं, बाहुली विकत घ्यायचं कुणाला सुचणार, म्हणून उन्हाळ्यात पोरांना बसवायच्या आणि म्हणायच्या, घरात जे असेल त्यातनं करा, वर्षाची बाहुली पोरांच्याच हातची. मोठ्यानं हात लावायचा नाही. हेच त्यांचं वाक्य, मोठ्यानं हात लावायचा नाही. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. माझ्या श्रीहर्षनं आठ केल्यात. एक तर नुसतं वांगंच आहे चिंध्यांचं, त्याला मिशा. अजून मांडते.

आणि मग मनू. मनस्विनी, श्रीहर्षची मुलगी. तू विचारलं नाहीस कधी, पण फोटो बघितलास भिंतीवरचा, आणि तुला वाटलं असणार अमेरिकेत असतील. सगळ्यांना तसंच वाटतं. मी पण कुणाला सांगायला जात नाही. एचएसआर लेआउटला असतात गं. हो, याच गावात. अमेरिकेत असते ना तर बरं झालं असतं बघ, लोकांना सांगता तरी आलं असतं, लांब आहेत म्हणून. आता काय सांगू? रस्त्यात ट्रॅफिक आहे म्हणून सांगू? श्रीहर्ष तेच सांगतो. "अम्मा, दोन तास लागतात यायला." लागतात, खोटं नाही. पण पूर्वीही लागायचे की! शाळेला सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी मनूला आणून सोडायचा, दीड महिना ती इथं, तू बसलीस ना तिथंच, पसारा मांडून. नऊ वर्षांची होईपर्यंत. आता चौदाची आहे.

काय झालं म्हणजे? काही नाही झालं. मोठी झाली. पोरं मोठी होतात. पोहण्याचे क्लास असतात, ते कोडिंग का काय असतं — नाही. थांब. झालं होतं. कुणाला बोलले नाहीये मी. हे गेले, यांना पण नाही सांगितलं.

त्या वर्षी तिनं कागदाच्या लगद्याची केली होती बाहुली. रद्दी भिजवायची, मेथी वाटून घालायची म्हणजे कीड लागत नाही, आणि मळायचं. तिनं केली ती — देवा रे! एक हात गुडघ्याच्या खाली, डोळे कपाळात चढलेले, तोंड एवढं मोठं, सगळे दात दाखवणारं, बत्तीस मोजून बसवले होते तांदळाचे. स्वतःला केलंय म्हणाली. "अज्जी, ही मीच आहे, हसताना." आणि मी… त्या वर्षी आमच्या मंडळींतल्या बायकांना बोलावलं होतं दसऱ्याला, श्रीहर्षची सासरची माणसं येणार होती, ती सगळी नीटनेटकी. मी दहा वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय गं. हात गप्प बसत नाहीत. ती सुट्टी संपून गेली, आणि एका दुपारी मी म्हटलं, स्वल्प डोळा खाली घेऊ या, एवढाच. डोळा खाली घेतला तर तोंड विचित्र दिसायला लागलं. मग तोंड. मग तो हात. शेवटी पाण्यात टाकून सगळीच मोडली आणि त्याच लगद्याची नवी केली. अशी सुरेख झाली म्हणून सांगू! नाकात चमकी सुद्धा.

दसऱ्याला सगळ्या बायका बघतायत, अय्यो, नातीनं केली? नऊ वर्षांच्या पोरीनं? केवढी कला! मी मिरवतेय. मनू तिथंच उभी, हातात कोसंबरीचा, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीचा द्रोण. म्हणाली, "ही माझी नाही. माझी कुठंय?" मी म्हटलं, तुझीच आहे राणी, थोडी नीट केली फक्त. द्रोण खाली ठेवला आणि शोधायला लागली. पायऱ्यांच्या मागं, पांढऱ्या चादरीखाली, ट्रंकेत, माडीवर. मग मागच्या दारी कचऱ्याच्या बादलीत हात घालून शोधत होती, नवा परकर घातलेला. मी मागनं जाऊन सांगितलं, तोच लगदा आहे गं, टाकला नाही मी. तर माझ्याकडं बघितलं नुसतं. रडली असती तर बरं झालं असतं, जवळ घेता आलं असतं.

पुढच्या मेमध्ये आली नाही. त्याच्या पुढच्याही. दसऱ्याला येतात तासभर, मोबाइल असतो हातात, नमस्कार करते, चांगली पोरगी आहे, उलटून बोलत नाही. पण पायऱ्यांकडं बघत नाही. माझ्याकडनं चुकलं असं म्हणायला किती वेळा तोंड उघडलं, तर विचारते, "काय अज्जी?" — आणि मी म्हणते, जेवलीस का.

हे बघ. या चार. यातली एकही तिनं केलेली नाही, मी केल्यात. चार वर्षांच्या चार. उजव्या हातानं केलं की सरळच येतं मेलं, म्हणून डाव्या हातानं. डोळे कपाळात, एक हात लांब, आणि खाली लिहिलंय बघ, "मनू". का म्हणजे? वर्ष मोकळं सोडायचं नाही ना. आणि बायका विचारतात, नातीनं केली? मी म्हणते हो. मागल्या वर्षी समोरची भव्या म्हणाली, "अक्का, तुमची नात आठवीत गेली, अजून हातात अक्कल नाही आली का तिच्या?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. काय करणार? माझ्या डाव्या हाताला सहा वर्षांचंच पोर येतं, चौदा वर्षांची मुलगी कसं करते मला कुठं माहितीय!

म्हणून म्हणत होते. तुझी लेक खाली आली, आपणहून आली हं, मी बोलावलं नव्हतं, जिन्यावर बसून वास घेत होती आंब्याचा, आणि सहा दिवसांत ही केली. पाच वर्षांत पहिल्यांदा या घरात पोराच्या हातची बाहुली झाली, शाल्मली. मी पायरीवर जागा पण ठरवून टाकली, राजा-राणीच्या लगेच खाली. आणि तू न्यायला आलीस. दसऱ्यापर्यंत राहू दे म्हणणार होते. नंतर तिचीच आहे, नेऊ दे पुण्याला नाहीतर कुठंही.

काय म्हणालीस? ठेवू? खरंच? संहिता काही म्हणणार नाही? समजावशील तिला… अगं बाई. किती चांगली आहेस गं. थांब, आणते, बघून तरी घे नीट एकदा. ही बघ. वेणी बघ. साडीचा काठ बघ, माझ्या ब्लाउजच्या चिंधीचा. आणि डोळे — टिकल्या लावल्यात, हा एक इथं, आणि हा दुसरा पार गालावर घसरलेला. मी विचारलं, असा का गं? तर म्हणाली, "ती खाली मुंगी बघतेय." एक डोळा मुंगीकडं आणि एक आपल्याकडं. हसू येतंय ना? मला पण येतं.

नाही. नको. घेऊन जा ही.

अगं, माझं ऐक. तू बेल वाजवलीस ना मगाशी, मला दार उघडायला वेळ लागला, तुला वाटलं म्हातारी झोपली होती. झोपले नव्हते. ही हातात होती. हा गालावरचा डोळा बघितलास? कडेनं बघ, उचलला गेलाय. माझं नख आहे ते. एवढंसं वर घेऊ या, असं म्हणत होते मी. सगळं आठवत असताना, मनू, ती बादली, सगळं आठवत असताना नख घातलं होतं, आणि तू बेल वाजवलीस.

ऑक्टोबरपर्यंत पाच महिने आहेत गं. मी एकटी आणि ही. नाही राहवणार मला.

समजूत नको घालूस, नेतेस का नाही? पिशवी घे ही. वेणी वर ठेव, दबेल. आणि तो डोळा तू दाबू नकोस हं, तिलाच दाबू दे, थोडी खळ देते बाटलीत. तिच्या आजीला सांग — काही सांगू नकोस. एवढंच सांग, हात लावू नका म्हणावं. माझी पायरी? राहील रिकामी. बायका विचारतील तर सांगेन, यंदा घरात पोर नव्हतं. एक वर्ष खरं सांगेन.

कॉफी राहिली बघ तुझी. राहू दे, मी पिते. जा आता, पोरीला उठव, टॅक्सी येईल. सरी, सरी, बरं, फोन कर पोचल्यावर. अगं उभी काय राहिलीस? जा ना गं बाई लवकर — हात शिवशिवतायत माझे अजून.