व्हिनरडेलचा शेवटचा माणूस

(इंग्लंडच्या उत्तरेकडचे डोंगर. व्हिनरडेलचा तलाव. तीन महिने पाऊस नाही, त्यामुळे तळाशी बुडालेल्या गावाच्या भिंती वर आल्या आहेत आणि त्या बघायला गर्दी लोटली आहे. ऑगस्टातली सकाळ, साडेदहा.)

रॉडनी : बाई, ओ बाई! दोरीच्या अलीकडे या. अलीकडे!

डॉर्कस : अलीकडेच आहे की मी. पलीकडे आहेस तो तू.

रॉडनी : मी स्वयंसेवक आहे. हे पिवळं जाकीट बघा. मला परवानगी आहे.

डॉर्कस : मला पाच मिनिटं घरी जाऊन यायचंय, बाबा.

रॉडनी : घर? कुठलं घर?

डॉर्कस : तो दगडांचा ढीग दिसतोय ना, अर्धी भिंत उभी असलेला? ते आमचं स्वयंपाकघर.

रॉडनी : तो क्रमांक सात. मेंढ्यांचा गोठा. नकाशात तसं छापलेलं आहे.

डॉर्कस : मग त्या गोठ्यात माझा जन्म झालाय. बाजूला हो.

रॉडनी : बाई, हा फलक वाचा. "खोल पाणी. जिवाला धोका."

डॉर्कस : पाणी कुठंय? चिखलाला भेगा पडल्यात. बदक बिचारं चालत चाललंय.

रॉडनी : पाणी नसलं म्हणून नियम आटत नाहीत. एकतीस वर्षं विमा कचेरीत काढलीयत मी. माणसं पाण्यात कमी पडतात आणि चिखलात जास्त. शिवाय तुम्ही त्या मंडळींच्या फोटोत येताय.

डॉर्कस : ते ठाऊक आहे. मघाशी एक बाई मला म्हणाली, जरा सरकता का, मागचं उजाड गाव नीट येत नाहीये. तिच्या कुत्र्यानं रेनकोट घातलाय. अशा उन्हात!

रॉडनी : हे बघा, आज मला वेळ नाही. अकरा वाजता नव्या माहितीफलकाचं उद्घाटन आहे. प्रमुख पाहुण्या इतक्यात येतील. वीर क्लेमंट एलरबी यांची कन्या! त्या आल्या आणि इथं असा गोंधळ दिसला तर काय म्हणतील?

डॉर्कस : काय म्हणतील? कशा आहेत त्या?

रॉडनी : अत्यंत सोज्वळ. मितभाषी.

डॉर्कस : कोण म्हणालं?

रॉडनी : त्यांची मुलगी. तलावाकाठचं चहाघर तिचंच आहे. ती बघा, आलीच.

हेझल : आई! अगं, तुला बाकावर बसवून गेले होते ना मी? रॉडनी, तुम्ही भेटलात वाटतं आईला?

रॉडनी : आई? या... या डॉर्कसबाई?

डॉर्कस : सोज्वळ. मितभाषी.

रॉडनी : बाई, माझी चूक झाली. मला वाटलं, तुम्ही पर्यटक आहात.

डॉर्कस : जन्मले इथं आणि पर्यटक झाले! सत्तर वर्षांत कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

हेझल : आई, चेष्टा पुरे. हे कार्ड घे. मोठ्या अक्षरात लिहिलंय. पडदा ओढायचा आणि एवढं वाचायचं. "माझ्या वडिलांचं या खोऱ्यावर प्रेम होतं. हा रम्य तलाव त्यांची आठवण आहे." संपलं. मग सगळे चहाला.

डॉर्कस : आधी फलक बघू दे.

रॉडनी : तो अकरापर्यंत झाकलेला आहे. समितीचं तसं ठरलंय.

डॉर्कस : मग तू तिकडं डोंगराकडं बघ. मी चादर उचलते.

रॉडनी : बाई! ती चादर नाही, ते आवरण—

डॉर्कस : "क्लेमंट एलरबी, व्हिनरडेलचा शेवटचा माणूस. शहराला पाणी हवं म्हणून गाव बुडवायचं ठरलं, तेव्हा सगळे गेले. एकटा क्लेमंट घराची चौकट धरून उभा राहिला. पाणी गुडघ्याला लागलं, तरी हलला नाही." अरे देवा!

हेझल : आई, हसू नकोस. लोक बघतायत.

डॉर्कस : पाणी गुडघ्याला? वडिलांचे पाय जरा ओले झाले तर आठवडाभर खोकायचे ते!

रॉडनी : ते वाक्य माझंच आहे. थोडा... भाव आणला.

डॉर्कस : मग जरा खाली बस. तुझे क्लेमंट एलरबी शेवटचे नव्हते. ते पहिले होते.

रॉडनी : पहिले म्हणजे?

डॉर्कस : पाणीखात्याचे लोक घरं सोडायचे कागद घेऊन आले, तेव्हा अख्ख्या गावात पहिली सही त्यांनी केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना धरणावर मुकादमाची नोकरी मिळाली.

हेझल : आई, हळू बोल. आणि काहीही काय बोलतेस? आजोबांचा फोटो फलकावर समोर आहे की! चौकट धरून उभे आहेत.

डॉर्कस : चौकट कुणाची?

हेझल : आपली.

डॉर्कस : आपल्या दाराला पायरी नव्हती. इथं दोन पायऱ्या आहेत. हे घर ॲग्नेस टॉर्डॉफचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकवीस कोंबड्या. ती हलेना. मग शहरातले साहेब वडिलांना म्हणाले, एलरबी, तुझ्या गावची बाई आहे, तूच बाहेर काढ. ते उभे राहिलेत ते आत जायला पाय उचलत नाही म्हणून. रॉडनी, तुझ्याकडे भिंग आहे ना? पक्षी बघायची दुर्बीण नको, भिंग. त्यांच्या कोपराखालून आत बघ. अंधारात.

रॉडनी : काहीतरी काळं आहे. दोन... बूट आहेत.

डॉर्कस : ती खुर्चीत बसलीय.

रॉडनी : सहा वर्षं हा फोटो माझ्या खिशात आहे. दर रविवारी पर्यटकांना घेऊन दोन फेऱ्या मारतो मी. लोकांना चौकट धरल्याचा अभिनय करून दाखवतो, माझा आवाज भरून येतो. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ रडले.

डॉर्कस : रडू दे की. अश्रू काही त्यांनी परत मागितले नाहीत.

हेझल : तू इतकी वर्षं गप्प का राहिलीस मग? माझ्या चहाघराचं नाव काय आहे माहीतेय ना? "क्लेमंटचा उंबरठा"! पाटी, पेले, पुसणी, सगळ्यावर तेच. लोक स्कोन खाता खाता आजोबांसाठी हळहळतात. आता मी त्यांना काय सांगू? उंबरठा दुसऱ्याचा होता आणि आजोबा तो ओलांडायला आले होते?

डॉर्कस : ओरडू नकोस, सांगते. सही झाली त्या दिवसापासून शाळेत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. प्रार्थनाघरात आमच्या बाकावर आम्ही तिघंच. शहराच्या कडेला सगळ्यांना नवी घरं मिळाली, तिथंही तेच. वडील गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला गावचा एक माणूस आला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी कुणी वर्तमानपत्रवाला हा फोटो घेऊन आला. म्हणाला, हेच ना ते, शेवटपर्यंत लढलेले? आणि मी म्हटलं, हो.

हेझल : हो म्हटलंस?

डॉर्कस : एकदाच म्हटलं. मला ते गोड लागलं, हेझल. दुसऱ्या दिवशी मासळीवाल्यानं मला आपणहून सलाम केला. मग दर वर्षी कुणी ना कुणी एक ओळ वाढवत गेलं. गुडघाभर पाणी आजच कळलं मला.

हेझल : मग आजोबांनी सही केली तरी का? नोकरीसाठी?

डॉर्कस : आईसाठी. या खोऱ्याला सगळे रम्य म्हणतात. आमच्या घरात विहीर नव्हती. खालच्या ओढ्यावरून दोन बादल्या, दिवसातून सहा खेपा. जानेवारीत ती बर्फावरून घसरली. सातवा महिना होता. मुलगा झाला असता. महिनाभरानं कागद आला. वडिलांनी तो वाचलासुद्धा नाही, नुसतं विचारलं, नव्या घरात पाणी घरात येतं का?

हेझल : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

डॉर्कस : तू कधी विचारलं नाहीस. तुला वीर आजोबा पुरत होते. मलाही.

रॉडनी : बाई, अकराला चार मिनिटं कमी आहेत. मी अगदी स्पष्ट बोलतो. हा फलक मंजूर व्हायला चार वर्षं लागली. त्यातले पंधरा महिने "रम्य" लिहायचं की "नयनरम्य", यावर गेले. एक स्वल्पविराम बदलायचा तर उपसमिती बसते. तुमच्या या माहितीला कमीत कमी दोन वर्षं.

डॉर्कस : मी ब्याऐंशीची आहे.

रॉडनी : तेच म्हणतोय. तर आज कार्ड वाचावं आणि बाकीचं लेखी द्यावं.

हेझल : आई, प्लीज. त्यांचं ऐक. कुणाचं काय बिघडतंय? टॉर्डॉफबाई तर कधीच गेल्या. त्यांचं मागे कुणी नाही.

डॉर्कस : म्हणून तर. माझ्यामागं तू आहेस, समिती आहे, पुसणी आहेत. तिच्यामागं मी एकटी, आणि मी तिची जागा वडिलांना देऊन मोकळी झाले. दे तो माईक, रॉडनी.

रॉडनी : कार्ड वाचणार ना?

डॉर्कस : माईक दे... ऐकू येतंय का? येतंय. बरं. मंडळी, मी डॉर्कस, क्लेमंट एलरबीची मुलगी. या फलकावर लिहिलंय की ते शेवटपर्यंत लढले. ते लढले नाहीत. पहिली सही त्यांची. शेवटपर्यंत राहिली ती ॲग्नेस टॉर्डॉफ. तिला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं, ते माझ्या वडिलांनी. ती ओरडली नाही. तिनं फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मी समोरच्या भिंतीवर बसून बघत होते, दहा वर्षांची. खोटं मी सांगितलं, फलकवाल्यांनी नाही. त्यांनी फक्त रंगवलं. हा तलाव फार सुंदर आहे, ते खरं आहे. आमच्या गावापेक्षा सुंदर आहे. पण तो बघताना एक नाव घेऊन बघा. ॲग्नेस टॉर्डॉफ. झालं माझं.

हेझल : टाळ्या वाजवतायत, आई.

डॉर्कस : कशाला?

हेझल : मला वाटतं, "तलाव फार सुंदर आहे" याला. ती रेनकोटवाल्या कुत्र्याची बाई तर डोळे पुसतेय.

रॉडनी : बाई, दोन प्रश्न आलेत लोकांकडून. पहिला, शौचालय कुठं आहे?

डॉर्कस : आणि दुसरा?

रॉडनी : ती खुर्ची कुठं बघायला मिळेल, आणि तिच्यात बसून फोटो काढता येईल का?

डॉर्कस : बघ हेझल! तुझा धंदा बुडत नाही. उलट खुर्ची मांडावी लागणार.

हेझल : मी नाही मांडणार. आणि पाटीचं काय करू?

डॉर्कस : राहू दे. उंबरठ्यावर ते उभे होतेच. किती वेळ होते, ते मला ठाऊक आहे. साहेबांनी दोनदा शिटी वाजवली, तरी आत गेले नाहीत.

रॉडनी : टॉर्डॉफ. शेवटी "एफ" एकच ना?

डॉर्कस : दोन. कशाला हवंय तुला?

रॉडनी : दुपारची फेरी दोन वाजता आहे. वहीत लिहून घेतो.

डॉर्कस : आणि तुझी समिती?

रॉडनी : समिती पुढच्या महिन्यात बसते. तोवर मी काय करायचं? बूट दिसले मला, ते आता न दिसल्यासारखं करता येत नाही. फक्त... आवाज कुठं भरून आणायचा, तेवढं जरा बघावं लागेल.

डॉर्कस : आणूच नकोस. सरळ सांग.

रॉडनी : प्रयत्न करतो. सवय नाही. कोंबड्या एकवीस म्हणालात ना?

डॉर्कस : एकवीस. एक आंधळी होती. तेही लिही.

हेझल : आई, चहा घे, गार होतोय. आणि एक सांग. टॉर्डॉफबाईंनी आजोबांना कधी माफ केलं का गं?

डॉर्कस : माफ? छे. आमच्याच गल्लीत घर मिळालं होतं तिला, चार दारं सोडून. वडील समोरून आले की ती रस्ता बदलायची.

हेझल : कायमच?

डॉर्कस : एकदा आली होती. नव्या घरात तिसराच दिवस असेल. दार वाजलं. आईनं उघडलं. ही दारात, कोपरापर्यंत भिजलेली. वडिलांकडं बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, ते पाणी चालूच आहे, थांबवतात कसं?

हेझल : मग?

डॉर्कस : वडिलांनी टोपी घातली. गेले, आणि नळ बंद करून आले.