आधी एक रुपया

आमचे बाबा मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकले खरे, पण त्यांचा मोबाईलवर काडीचा विश्वास नाही. कोणालाही आधी एकच रुपया पाठवतात. तो पोचल्याचं कळलं, की मग बाकीचे.

परवा साठेकाकांच्या मुलीचं लग्न झालं. साठेकाका म्हणजे बाबांचे खडकीच्या कारखान्यातले मित्र. गुडघ्यामुळे बाबांना लग्नाला जाता आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मोबाईलवरून आहेर करायला बसले. नेहमीसारखा एक रुपया पाठवला आणि जेवून खुशाल झोपले.

चार वाजता साठेकाकांचा फोन. बाबा फोन कायम स्पीकरवर टाकतात, त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं.

"काय हो कुलकर्णी, तीस वर्षं डबा एकत्र खाल्ला आणि आहेर एक रुपया?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र एकदम खूश.

"मिळाला ना? म्हणजे नंबर बरोबर आहे. थांबा, आता पाचशे पाठवतो."



"पाठवा," साठेकाका म्हणाले, "आणि गुडघा बरा झाला की जेवायला या. आधी एक घास वाढू. तो पोटात पोचल्याचं कळवलंत, की मग ताट."