रिकामा खिळा

मी सिहोऱ्याकडची, बाई. तिकडं सगळं धानाचं, जिकडं पाहा तिकडं बांध्या, पन आमच्या घरची म्हनाले एक बी बांधी नाई, लोकाच्याच बांधीत रोवना करत मोठी झाली. हात चिखलात अन् तोंड सुरू. माय म्हने, ही पोट्टी झोपेत बी गप नाई राहत, इले मुकाच नवरा भेटला पायजे. तसंच झालं पाहा. चिखलातून उठली अन् या चिखल्या गावाले येऊन पडली, नवरा मँगनीजच्या खदानीत, अन् मानूस असा का विचारलं तर बोलन, नाईतर नाई. मी दहा गोष्टी सांगाव्या अन् त्याईनं हूं म्हनावं. त्या हूंवर मी सारा संसार केला, काय सांगू तुमाले. आता तो हूं बी गेला.

माया पोराचे, प्रशिकचे बाबा खदानीत मेट होते. मेट म्हंजे आपल्या टोलीचा मोठा, टोलीले खाली नेनारा अन् वर आननारा. तठी असं राहे, का खाली उतरताना हरेकाले पितळेचा बिल्ला भेटे, तो खिशात ठेवाचा, वर आलं का फळीवर आपल्या आपल्या खिळ्याले अडकवाचा. खिळा रिकामा म्हंजे मानूस अजून खाली हाय. ड्यूटी सुटली का लोक हातपाय धुऊन घरचा रस्ता धरत, पन याईचं तसं नोहे, टोलीचे सगळे बिल्ले लागत नाई तवर हे फळीसमोरून हलत नसत. एकडाव एक जन बिल्ला खिशातच घेऊन बाजारात निघून गेला, तं त्याले सायकलवर जाऊन धुंडला अन् भर बाजारात अशा शिव्या देल्या, का भाजीवाल्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या. अन् मी घरी भाताचा गंज झाकून बसून राहो. चिडो बी. म्हनो, तुमाले टोली पायजे का बायको पायजे. हूं.

मंग रिटायर झाले, कंपनीचं क्वार्टर सुटलं, आमी गावातच दोन खोल्या बांधल्या. प्रशिक नागपूरले नोकरीवर लागला, त्याचं लग्न झालं. म्हनलं आता दोघं आरामानं राहू. कायचा आराम बाप्पा! पयले बाजारातली पिशवी भुलले, मंग बाजारच भुलले. मंग असं झालं का दुपारी खदानीत पाळी सुटल्याचा भोंगा वाजला का उठत, चप्पल घालत अन् खदानीकडं चालू लागत. काहून जी, कोठी चालले? तं म्हनत, बिल्ला लागला नाई माया. तुमसरच्या डॉक्टरीन बाईनं तपासून बिमारीचं नाव सांगतलं, मोठं नाव हाय, ते मायाच ध्यानात राहत नाई. मले तठीच हासू आलं, म्हनलं चला, दोघाले बी झाली. ते बाई हासली नाई. तिनं माया हात धरला अन् सांगतलं, मावशी, ही बिमारी मांगं नाई फिरत. त्याईच्यासंगं वाद नका घालू, ते ज्या दिवसात हायेत त्या दिवसात तुमी जाऊन बसा.

आता तिले काय, सांगाले सोपं हाय. मी लय वाद घातला. अजी, तुमी रिटायर झाले ना, हार घातला होता ना तुमाले, फोटो पाहा. ते फोटो पाहत अन् विचारत, हा बुढा कोन? अन् एक दिवस माह्याकडं पाहून म्हनले, बाई, तुमी सकाळपासून काम करून राहिल्या, आता घरी जा, तुमचा मानूस वाट पाहत असन. चांगलं बोलले, मानानं बोलले. जन्मभर मले अवो म्हननारा मानूस बाई म्हने, तुमी म्हने. मी चुलीपुढं जाऊन बसली अन् पदर तोंडात कोंबला. दोन मानसाचा सैपाक अन् एका मानसाचं बोलनं, असं घर झालं आमचं. बाया पयले येत, आता कोनी येत नाई, त्याईचं बी काय चुकलं, आल्या का हे त्याईलेच विचारत, तुमचा मानूस कोनच्या पाळीत हाय. अन् एकीचा मानूस तं मरून गेलेला. विहारात बी जानं नाई होत. पौर्णिमेले तठच्या लाऊडस्पीकरवरून वंदना आयकू येते, ते मी दारात बसून म्हनते. संगं कोनी म्हननारा नाई.

एकडाव हे खदानीकडं न जाता भलत्याच रस्त्याले लागले, पार जंगलाच्या कडंले सापडले, गुराख्यानं आनले. प्रशिक गाडी घेऊन आला. वाईट नाई तो, घाबरला. त्यानं फाटकाले कुलूप लावलं अन् चाबी मायाजवळ देली. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, हे उठले, फाटक उघडेना. पयले हालवलं. मंग एक गोटा घेतला अन् फाटकावर ठोकाले लागले, ठक ठक ठक, थांबत, कान लावत, पुन्हा ठक ठक ठक. मले समजलं. खदानीत वरचं ढासळून रस्ता बंद झाला का आतले लोक असंच ठोकतेत, बाहेरच्याले समजावं जिते हाओ म्हनून. मेट होते ना, मागं वळून कोनाले तरी म्हनून राहिले होते, घाबरू नका पोट्टेहो, येऊन राहिले लोक. मांगं कोनी नोहतं, मी होती. मी चाबी घेऊन धावली. मी कुलूप काढलं ते काढलंच. प्रशिकले फोनवर सांगतलं, मी बापाले दाबून नाई ठेवत. तो म्हने, आई, मंग पुन्हा हरपले तं मी त्याईले नागपूरले ठेवीन, असे मानसं ठेवाची जागा हाय तठी. मी म्हनलं, तठी फाटक असन ना?

आता काय करावं? भोंगा तं रोज होते. मले डॉक्टरीन बाईचं बोलनं आठवलं, त्या दिवसात जाऊन बसा. मंग मी पावडरच्या डब्याचं, औषधाच्या डब्याचं, जे भेटन त्याचं झाकन घेतलं, खिळ्यानं भोक पाडलं, सुतळी ओवली. दाराजवळ एक फळी ठोकली. भोंगा झाला, हे उठले, अन् मी झाकन पुढं केलं, घ्या जी, लावा बिल्ला. त्याईनं घेतलं, उलटून पालटून पायलं, अन् खिळ्याले अडकवलं. मंग माह्याकडं पाहून म्हनले, बाकीचे? घ्या! साऱ्या टोलीचे बिल्ले करा लागले. शेजारच्या बाया पोट्ट्यायच्या हाती झाकनं पाठवत. हे एक एक नाव घेऊन लावत, एक बी नाव चुकत नसत. मायं नाव नाई येत, त्याईचे सगळ्याईचे येतेत! राग आला मले, खोटं कायले बोलू. पन सगळे लागले का पाटावर बसत अन् लाखोरीची भाजी अन् भात पोटभर खात, कोठी जात नसत. सकाळी हे आंघोळीले गेले का मी सगळे बिल्ले काढून डब्यात ठेवते.

अन् एक दिवस राशनच्या दुकानात मले वेळ झाला. संध्याकाळ झाली, भोंगा होऊन गेला, फाटक सताड उघडं. मी तांदूळ डोक्यावर घेऊन धावली, बाई, या वयात! मनात एकच, गेले, आता प्रशिक नेते. घरात आली तं हे फळीसमोर बसून. डब्यातून आपले आपलेच काढून सगळे बिल्ले लावलेले. अन् फळीच्या कोपऱ्यात एक नवा खिळा, वाकडा, वरवंट्यानं ठोकलेला. रिकामा. मी म्हनलं, हा कोनाचा जी? तं म्हनले, एक बाई हाय आपल्याकडं, दिवसभर बोलत राहते. ते अजून वर आली नाई. तिले खाली ठेवून मी कसा जाऊ?

मी समोर उभी, डोक्यावर तांदूळ. खदानीत बाई मानूस उतरत नाई, पन याईच्या टोलीत मी उतरली होती. रडू आलं, भेकारून रडली. मंग हळदीच्या डबीचं झाकन काढलं, भोक पाडून सुतळी ओवली अन् म्हनलं, आली जी, वर आली ते. त्याईनं लावलं. हूं म्हनले.

दिवाळीत प्रशिक आला, त्यानं डोळ्यानं पायलं, उघडं फाटक अन् फळीसमोर बसलेला बाप. जाताना कुलूप गाडीत टाकून घेऊन गेला. नागपूरचं उन्हाळ्यापर्यंत पाहू म्हने. पाहू.

तुमी विचारलं, एकटं वाटते का? वाटते ना बाई. पन आयका, कोनाले सांगू नका. सगळे बिल्ले मी पुढं ठेवते अन् हळदीचं झाकन पदरात धरून ठेवते. तेवढा वेळ हे रस्त्याकडं पाहत बसतेत, जेवाले उठत नाई, म्हनतेत, ते बाई येऊ द्या. मी बाजूलेच बसून राहते. आता झालाच भोंगा, तुमी निघा, तुमच्या घरचे बी वाट पाहत असतीन, सुखानं जा. मी लावते झाकन. थोडी थांबते अन् लावते.