पांढऱ्या शर्टाची काजं

डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घातलेल्या एका बाईंना बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. कान मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी एक म्हातारे शिंपी आणि त्यांची लेक बसली होती. म्हाताऱ्यांच्या चुळबुळीने बाक सारखा करकरत होता.

"चल घरी. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"बसा हो अण्णा. महिना झाला, माझ्या शिवणीला तुम्ही एकदाही नावं ठेवली नाहीत."

"ठेवली की तोंड फुगवतेस. आता कौतुक करतोय, तरी रडगाणं!"

"शेजारीण नावं ठेवते ती मला हिणवायला. तुम्ही ठेवलीत की माझा हात सुधारतो. आता शिवताना नुसती धाकधूक होते."

"अगं, चांगलं शिवतेस, म्हणून बोलत नाही."

"काल तो पांढरा शर्ट दाखवला. काजं कशी होती?"

"झकास. बोट फिरवून बघितली ना मी! एकसारखी."

"पिवळ्या दोऱ्याने केली होती, अण्णा."

बाक करकरायचा थांबला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"गिऱ्हाइकाचा शर्ट नासवलास? घरी गेल्यावर आधी उसव ती!"

"नाही उसवणार. तुमचे डोळे बरे होऊ देत. स्वतः बघून मला चांगलं झाडा, मग उसवते."