पाऊण हॉर्सपॉवर

...नाही, पण मला एक सांगा, जी मुलगी स्वतःच्या शिंकेला दचकते तिला इंजिनाची ताकद मोजायच्या खोलीत कोण नोकरी देतं? आमच्या वर्कशॉपनं दिली! मुलाखतीतच म्हटलं होतं, सर, मी दचकते. हसले. म्हणाले, "फिजिक्स झालंय ना? मग बसा." बसले. मी दचकते हे आधीच सांगितलं होतं, एवढं फक्त लक्षात ठेवा.

तर ही खोली म्हणजे जमिनीत गाडलेले दोन लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, पट्ट्यांनी गाडी चारी बाजूंनी आवळून बांधायची आणि ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा. गाडी जीव तोडून पळते आणि जागची हलत नाही. माझं कॉलेजच डोळ्यांसमोर येतं! रोलर किती जोरात फिरले त्यावरून चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली ते कॉम्प्युटर सांगतो, आणि त्या कॉम्प्युटरसमोर, काचेच्या अलीकडे, मी. कानात बोळे, हाताशी गाडी थांबवायचं लाल बटण आणि जीव मुठीत.

त्या दिवशी गाडी कोणती आली? शववाहिनी. आणि चालवणारे कोण? माझे बाबा!

झालं असं, की स्मशान टेकडीवर, आणि ही गाडी दोनदा चढावर बंद पडून मयतासकट मागे घरंगळलेली. सगळ्यांनी तक्रार केली... म्हणजे मयत सोडून सगळ्यांनी. मग बाबांच्या ऑफिसातून फर्मान निघालं: चाकांवर चाळीस हॉर्सपॉवर दाखवा, नाहीतर गाडी भंगारात आणि ड्रायव्हर घरी. बाबा घरी! अहो, बावीस वर्षं वीसच्या वर काटा न नेलेला माणूस, त्यांना दुसरी गाडी कोण देणार? मागे बसलेलं कोणी बोललं तरी त्यांना घाम फुटेल! आणि घरी बसून बोलणार कोणाशी? आई गेली तेव्हा तिलाही त्यांनीच नेलं, ह्याच गाडीतून. त्या दिवशी मात्र गाडी कुठेही बंद पडली नाही. एवढं एकच वाक्य बाबा आईबद्दल बोलतात.

तपासायला आलेल्या साहेबांना मी म्हटलं, "साहेब, ही माझ्या वडिलांची गाडी आहे, दुसऱ्या कोणाला तरी बसवा."

"दुसऱ्या कोणाला हे मशीन येतं?"

"नाही."

"मग बसा."

मला सगळे बसाच म्हणतात!

पहिली फेरी. बाबांनी जन्मात पहिल्यांदा ॲक्सिलरेटर तळाला नेला, मागचं रिकामं स्ट्रेचर खडखडायला लागलं, वेगाचा काटा सत्तर, ऐंशी, नव्वद... मी दचकले आणि लाल बटण दाबून मोकळी. एकतीस हॉर्सपॉवरवर!

"अगं बाई!" आमचे वस्ताद, म्हणजे ट्यूनिंग करणारे, कपाळावर हात मारत म्हणाले, "इंजिन अजून जागं तरी झालं होतं का?"

मी दचकते हे आधीच सांगितलं होतं.

दुसरी फेरी. वस्तादांनी बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. तसं केलं की ठिणगी जरा आधी पडते, ताकद वाढते, पण फारच आधी पडली तर इंजिन आतून ठोकायला लागतं. लागलं की! ठक्... ठक्... ठक्... शववाहिनीच्या आतून! मी खुर्चीवर चढून किंचाळले, "आत कोणीतरी आहे!" साहेबसुद्धा दोन पावलं मागे सरले, खोटं नाही सांगत. बाबांनी खिडकीतून डोकं काढलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, आत कोणी असतं तर माझ्याशी दोन शब्द बोललं नसतं का?"

तिसरी फेरी, शेवटची. वस्तादांनी जे फिरवलं होतं त्यातलं अर्धं परत मागे घेतलं. ठकठक थांबली. मीही बटणावरचा हात मांडीखाली दाबून बसले. आकडा आला... एकोणचाळीस पूर्णांक तीन.

आता राहिलं खोलीचं तापमान भरायचं. उकाड्यात हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून कॉम्प्युटर उकाड्याचे ग्रेस मार्क देतो. भिंतीवर चोवीस. चोवीसला ग्रेस शून्य. मी दोनाच्या आकड्यावर बोट नेलं आणि मागे साहेबांनी फाइल फाडकन मिटली! बोट पडलं तीनवर. मग चार. चौतीस! आणि स्क्रीनवर, चाळीस पूर्णांक एक.

बोट दचकूनच पडलं, कोणाचीही शपथ घेते. पण मग मी काचेपलीकडे बघितलं. बाबा स्टेअरिंगवरून हात फिरवत होते, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवतात ना, तसा. ...एंटर मी दाबलं. ते दाबताना मात्र मी दचकले नव्हते.

साहेबांनी शिक्का मारला. चौतीस डिग्रीत अंगात स्वेटर घालून!

पुढे काय होणार? पहिल्याच मयताला, टेकडीच्या शेवटच्या वळणावर, इंजिनानं मान टाकली. मला धास्ती होतीच, अर्धी रजा टाकून स्कूटरनं मागोमाग गेले होते. गाडी थांबलेली, बाबांचा हात हँडब्रेकवर, मयताच्या घरचे लोक एकमेकांकडे बघतायत. कुठे, किती कमी पडतंय हे त्या गर्दीत फक्त मला माहीत! स्कूटर लावली, पदर... म्हणजे ओढणी खोचली आणि मागून खांदा दिला. आतून बाबांचा ॲक्सिलरेटर, बाहेरून माझा खांदा. चढली.

आरशात बाबांनी मला बघितलं. तेव्हापासून फक्त फोन येतो, "बाळा, उद्या अकराला एक आहे." ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. वर्कशॉपमध्ये माझी रजा संपली, बिनपगारी चालू झाली. अर्जात कारण दर वेळी एकच, मयत; सरांना वाटतं, मोठ्ठं खानदान आहे आणि त्याला कुणाची तरी नजर लागलीये.

परवा वर पोचल्यावर एक आजीबाई जवळ आल्या. मी आपली गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतेय. माझा हात हातात घेतला, डोळे भरून म्हणाल्या, "इतकं कोणी करत नाही गं, पोरी. तू आमच्या ह्यांची कोण?"

काय सांगू त्यांना? म्हटलं, "आजी... मी पाऊण हॉर्सपॉवर."