आ करा, आत्याबाई

— नको फाडू, बाई. घडी घाल अन् ठेव पिशवीत. मागल्या खेपेला डॉक्टरणीनं पाच वर्सांची गोळी लिहिली म्हणून कागदावर राग काढती का? मला अक्षर वाचता येत नाय, तुझं तोंड वाचता येतं. नंबराला वेळ हाय अजून. सरक जरा, कहाणी सांगते — व्रताची नाय, गोळीची. आटपाट नगर-बिगर काय नाय, आपलं पिशोर. तिथं बद्रीनाथ नावाचा शेतकरी, त्याची बायको मनकर्णा, लेक गोकुळ, सून मंजुषा. खाऊनपिऊन सुखी घर. मनकर्णाच्या छातीत गाठ निघाली. इथंच इलाज झाला — एक बाजू काढली, केस गेले, शेक दिले — अन् बाई उभी राहिली. आता संपलं म्हणावं, तर डॉक्टरीण म्हणती, या गाठीला अंगातल्याच एका रसाचं खाद्य लागतं, ते तोडायला रोज एक गोळी, पाच वर्सं. रोग माघारी यायची भीती कमी होती. हाडं दुखतील, अंगाची आग होईल. घ्यायची का नाय ते तुम्ही ठरवा.

मग ठरवायला कोण बसलं? सारं खानदान. ओट्यावर बैठक — बैल ठेवायचा का इकायचा अशी — अन् जिच्या छातीचं बोलणं चाललंय ती आत चहा गाळतीय. चुलतदीर सखाराम म्हणतो, हार्मोनची गोळी हाय, वहिनीला दाढी येईल. हसले, बाई. सगळे हसले. जाऊ केळी घेऊन आलती. इचारती तब्येतीचं अन् नजर पदराखाली — कोणती बाजू गेली ते हुडकतीय. शिसारी आली. केळ्यांचीसुदिक आली. गोकुळ मोबाईलात बघून एकेक दुखणं वाचून दाखवतोय, पेपर वाचल्यावाणी. अन् मालक — म्हणजे तो बद्रीनाथ — काय म्हणाला असंल? पाच वर्सं? आता या वयात कशाला तेवढं. जल्मभर ज्याच्या ताटात भाकर वाढली, त्यानं माझं — तिचं — आयुक्ष असं झटकून टाकलं.

तिनं काय केलं? कुणाला हो म्हणली नाय, नाय म्हणली नाय. दोन महिने इमानानं गोळी घेतली. पाळी जाऊन पंधरा वर्सं झालेली, अन् भर थंडीत चुलीपुढं बसल्यावाणी घाम. सकाळी मूठ वळंना, पीठ मळता येईना. आंघोळीला बसलं की खाली बघवत नव्हतं — एकीकडून सपाट, वरून घामेजलेलं. थू. डॉक्टरणीला सांगावं तर लाज. मग गोळी जिभेखाली धरायची अन् परसात जाऊन थुंकायची. कुणाला पत्ता नाय. लई महिने चाललं तसं. बरं वाटायचं थुंकताना, खोटं कशाला बोलू.

एक दिवस मंजुषानं बघितलं. बोलली नाय कुणाला. दुसऱ्या सकाळी हातात तांब्या, तळव्यावर गोळी, पुढ्यात उभी — आ करा, आत्याबाई. सासूनं सुनेपुढं तोंड वासायचं? अगं, ह्याच्यापरीस मेलेलं बरं. मनकर्णानं दात घट्ट आवळले. तवा ती म्हणाली, आवाज न चढवता, "तुम्ही माझ्या गोळ्या मोरीत टाकल्या व्हत्या. मी तुमच्या टाकू देणार नाय."

कसल्या गोळ्या? — ते कहाणीत नाय. जाऊ दे. — बघती कशी माझ्याकडं. सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी तिला दिवस गेलते. तिसऱ्या महिन्यात अंगावर जायला लागलं, डॉक्टरनं गर्भ टिकायला गोळ्या दिल्या. सासूनं मोरीत वतल्या. म्हणली, आम्ही नाय खाल्ल्या, आम्हाला झाली की पोरं. आठ दिवसांत पडलं. गोळीनं टिकलं असतं का नसतं, देव जाणे — पण वतल्या कुणी? ह्या हातानं. हा बघ. दहा वर्सं त्या पोरीनं सवाल केला नाय, अन् मी समजले इसरली. त्या सकाळी माझी मलाच जेवढी किळस आली ना, तेवढी गाठीची आली नव्हती, त्या हसणाऱ्यांची आली नव्हती.

आ केला. दुसरं काय करणार?

मग तिनंच इथं आणलं, डॉक्टरणीला सगळं सांगितलं, थुंकल्याचं पण. मला वाटलं शिव्या खाव्या लागतील. डॉक्टरीण म्हणली, आधी बोलला असता तर. गोळी बदलून दिली. आता मूठ वळती — उन्हं वर आल्यावर, पण वळती. आग हाय थोडी. मागच्या तपासणीत काय निघालं नाय, अन् दिवाळीपासून सासू-सुना एका ताटात जेवतात. मनकर्णाच्या घराला आले तसे दिस तुझ्याबी घराला येवोत. घे म्हणत नाय, नको म्हणत नाय. ठरवायचं ते आत जाऊन, बोलून ठरव. गुपचूप थुंकू नको, एवढंच.

मनकर्णा कोण म्हणून काय इचारती? ऊठ, तुझं नाव पुकारलं. अन् गप आता — पहाटेच्या एसटीनं निघालो, आजची गोळी राहिलीय. ती बघ, पाण्याची बाटली घेऊन आलीच. व्हय गं, मंजुषा, करते. आ—